५० टक्के नोकऱ्या राखीव ठेवणारा राजा गंगारामच्या हॉटेलात चहा प्यायला का थांबायचा?

कोल्हापुरात आज राजारामपुरीतून चक्कर मारली की एकाला एक लागून ब्रँडेड कपड्यांची, बुटांची, मोबाइलची शोरूम दिसतात. कॉलेज संपलं की आपल्या आवडत्या ब्रँडच्या शोरूममध्ये काम मिळावं म्हणून बायोडाटा घेऊन जाणारी पोरंपोरी प्रत्येक गल्लीत आहेत. मुलाखतीत विचारलं जातं, अनुभव किती, इंग्रजी येतं का, रविवारी शिफ्ट चालेल का. निवड झाली की कंपनीचा टी-शर्ट अंगावर येतो आणि माणूस काउंटरला उभा राहतो.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच शहरात काउंटरला उभं राहण्याआधी एकच प्रश्न विचारला जायचा. जात कुठली?

आणि गंमत म्हणजे तो प्रश्न फक्त मालक विचारत नव्हता, गिऱ्हाईकही विचारायचं. म्हणजे एखाद्याने नोकरीचा नाद सोडून स्वतःचं दुकान टाकलं, तरी त्याच्या हातचं घ्यायचं की नाही हे गिऱ्हाईक जात बघून ठरवणार. नोकरीचा प्रश्न हुकूम काढून सोडवता येईल, पण गिऱ्हाईक कुठून आणायचं?

हा प्रश्न एका राजाला पडला होता. त्याचं नाव राजर्षी शाहू महाराज. शाहूंनी आरक्षण दिलं, वसतिगृहं काढली, धरण बांधलं हे सगळ्यांना माहीत असतं. पण कोणाला काम मिळतं, कोणाला दुकान टाकता येतं आणि त्या दुकानात कोण येतं, या अंगाने त्यांचं आयुष्य बघितलं की काही गोष्टी नव्याने उलगडतात.

कागलचा यशवंतराव कोल्हापूरचा राजा झाला

२६ जून १८७४. कागलच्या घाटगे घराण्यात जयसिंगराव आबासाहेब आणि राधाबाई यांच्या पोटी मुलगा झाला. नाव ठेवलं यशवंतराव. तिकडे कोल्हापूरच्या गादीला वारस नव्हता. चौथे शिवाजी महाराज वारले होते. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतलं आणि दहाव्या वर्षाच्या आतच कागलचा यशवंतराव कोल्हापूरचा शाहू झाला.

शिक्षण झालं राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला, स्टुअर्ट फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं. त्याच वर्षी मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. २ एप्रिल १८९४ रोजी शाहूंच्या हाती राज्यकारभार आला. वय होतं १९ वर्षं.

कारभार हाती घेतल्यावर कोणताही नवा बॉस करतो तेच त्यांनी केलं. स्टाफ कोण आहे ते बघितलं.

संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनात ७१ अधिकारी होते. त्यातले ६० ब्राह्मण. कारकुनांच्या साधारण ५०० जागा होत्या, त्यात ब्राह्मणेतर फक्त १०. कोल्हापूर संस्थानातली बहुसंख्य माणसं शेतकरी, कारागीर, मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, महार, मांग. पण कचेरीत गेलं की टेबलाच्या पलीकडे त्यांच्यातलं कोणीच नाही. सारा भरणारे एका बाजूला आणि नोंद करणारे दुसऱ्या बाजूला.

आधी बाजार उभा केला

शाहूंनी सुरुवातीच्याच काळात जे काम हाती घेतलं ते बाजारपेठेचं होतं. रेल्वे आली होती. कोल्हापूरचा गूळ बाहेर जाऊ शकत होता, पण त्यासाठी स्टेशनजवळ पेठ हवी होती. १८९५ मध्ये त्यांनी शाहूपुरी वसवली. व्यापाऱ्यांना जागा दिल्या, सवलती दिल्या. आज कोल्हापुरी गुळाचा जो दबदबा आहे, त्याची सुरुवात या पेठेपासून होते.

पाठोपाठ १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि त्यामागून प्लेग. धान्याचे भाव चढले. व्यापाऱ्यांनी माल दाबून ठेवला तर गरिबाने खायचं काय? महाराजांनी संस्थानतर्फे स्वस्त धान्याची दुकानं उघडली. दुष्काळी कामं काढून लोकांच्या हाताला मजुरी दिली. त्या कामांवर येणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांना सांभाळायला जागा केल्या. आज एखाद्या कंपनीने पाळणाघर काढलं तर त्याची बातमी होते. इथे खडी फोडणाऱ्या बायकांसाठी १९ व्या शतकात ही सोय झाली होती.

पुढे १९०६ मध्ये कापड गिरणीची पायाभरणी झाली. तीच शाहू मिल. कापूस बाहेर जाणार आणि तयार कापड बाहेरून येणार, यापेक्षा सूत इथेच निघावं आणि इथल्या माणसाला काम मिळावं हा त्यामागचा हिशोब होता. कोल्हापूरच्या कित्येक घरांच्या चुली पुढे या गिरणीच्या भोंग्यावर चालल्या.

ज्या अपमानाने दिशा बदलली

१८९९ मध्ये वेदोक्त प्रकरण घडलं. कार्तिक महिन्यात महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले होते. तिथे मंत्र म्हणणारे भटजी वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हणत असल्याचं लक्षात आलं. म्हणजे क्षत्रियांसाठीचे मंत्र सोडून शूद्रांसाठीचे. विचारणा केल्यावर महाराज शूद्र असल्याने त्यांना वेदोक्ताचा अधिकार नाही, असा पवित्रा घेतला गेला. राजोपाध्यांनीही वेदोक्त विधी करायला नकार दिला.

आता हे प्रकरण धर्माचं म्हणून सांगितलं जातं आणि ते आहेच. पण त्यात नोकरीचाही पदर आहे. राजोपाध्ये हे दरबारचं पद होतं. त्यासाठी इनाम मिळत होतं. दरबारचं उत्पन्न खायचं आणि दरबारने सांगितलेलं काम करायचं नाही, हे महाराजांनी चालू दिलं नाही. इनाम जप्त झालं. यावरून मोठा वाद पेटला, वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरले, लोकमान्य टिळकांचा केसरी महाराजांच्या विरोधात उभा राहिला.

राजा असून आपली ही गत, तर गावकुसाबाहेरच्या माणसाचं काय होत असेल, याचा अंदाज यायला महाराजांना फार वेळ लागला नाही.

२६ जुलै १९०२ : हुकूम नेमका काय होता?

१९०२ च्या उन्हाळ्यात महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. ते तिकडे असतानाच २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानचा तो प्रसिद्ध हुकूम निघाला. संस्थानच्या नोकरीतल्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवायच्या.

हा हुकूम नुसता सदिच्छा व्यक्त करणारा नव्हता. त्यात अंमलबजावणीची पद्धतही दिली होती.

पहिली गोष्ट, मागासलेले म्हणजे कोण हे ठरवलं. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे.

दुसरी गोष्ट, कामावर असलेल्या कोणालाही काढायचं नाही. ज्या कचेरीत मागास वर्गाचं प्रमाण ५० टक्क्यांपेक्षा कमी आहे, तिथे यापुढे रिकामी होणारी जागा त्या वर्गातल्या माणसाला द्यायची.

तिसरी गोष्ट, प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी किती आणि कोणाच्या नेमणुका केल्या याचा तक्ता सरकारला पाठवायचा.

या तिसऱ्या मुद्द्यात खरी मेख आहे. हुकूम काढून विसरून जाणं सोपं असतं. दर तिमाहीला आकडे द्यायचे म्हटलं की टाळाटाळ करता येत नाही. १९१२ पर्यंत चित्र बदललं. ९५ अधिकाऱ्यांमध्ये ब्राह्मण अधिकारी ३५ उरले. विरोध झालाच. कार्यक्षमता बुडेल, लायकी बघून नोकरी द्यावी, अशी टीका झाली. आजही सोशल मीडियावर आरक्षणाचा विषय निघाला की हेच मुद्दे नव्या फोटोंवर चिकटवून फिरतात.

पण या हुकमालाही मर्यादा होती. राखीव जागा आहे, पण अर्ज करायला शिकलेलं माणूस पाहिजे ना? मागास वर्गांमध्ये ज्यांच्याकडे थोडं शिक्षण होतं ते आधी पुढे सरकणार हे उघड होतं. ज्यांना शाळेच्या पायरीवर पाय ठेवू दिला जात नव्हता, त्यांच्यासाठी नोकरीतली जागा कागदावरच राहणार होती.

म्हणून वसतिगृहं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या पोराला कोल्हापुरात राहायची आणि जेवायची सोय झाली की शिक्षणाचा अर्धा प्रश्न सुटतो, हे महाराजांनी ओळखलं होतं. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना १ रुपया दंड. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम निघाला.

पागेतली मारहाण आणि चहाचं हॉटेल

आता येऊ गंगाराम कांबळे यांच्याकडे.

गंगाराम कांबळे महार समाजातले. संस्थानच्या पागेत नोकरीला होते. म्हणजे त्या काळातली पक्की सरकारी नोकरी, तीही थेट महाराजांच्या घोड्यांकडे. पण नोकरी मिळाली म्हणून सोबतच्या नोकरांनी माणूस म्हणून स्वीकारलं असं झालं नाही. पागेच्या आवारातल्या हौदाच्या पाण्याला हात लावला या कारणावरून सवर्ण नोकरांनी गंगाराम यांना बेदम मारलं. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते.

परत आल्यावर गंगाराम यांनी महाराजांपुढे जाऊन सगळं सांगितलं. महाराज संतापले. मारहाण करणाऱ्याला त्यांनी स्वतः शिक्षा केली. पण प्रत्येक वेळी राजा मध्ये पडायला हजर असणार नाही, हेही त्यांना कळत होतं. त्यांनी गंगाराम यांना नोकरीत अडकून न राहता स्वतःचा धंदा टाकायला सांगितलं आणि त्यासाठी पैशांची मदत केली.

गंगाराम यांनी निवडलेला धंदा होता चहाच्या हॉटेलचा. जागा भाऊसिंगजी रोडवर, म्हणजे शहरातल्या ऐन वर्दळीत. नाव ठेवलं सत्यसुधारक.

या निवडीतली जोखीम समजून घ्यायला पाहिजे. कापड, भांडी, दोरखंड असला माल जातीच्या भिंतीतूनही विकला जायचा. खाण्यापिण्याच्या वस्तूचं तसं नव्हतं. अस्पृश्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं तिथे त्याच्या हातचा चहा म्हणजे सगळ्यात मोठा विटाळ. अगदी ज्या गोष्टीवरून मार खाल्ला होता, ते पाणीच गंगाराम आता कपात घालून गावाला देणार होते.

हॉटेल स्वच्छ होतं, चहा चांगला होता. पण गावात कुजबुज सुरू झाली. महाराने हॉटेल काढलं आणि आपण तिथे चहा प्यायचा? सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. दुकान उघडं, किटली गरम आणि बाकडी रिकामी. महाराजांच्या कानावर ही गोष्ट गेली.

आता हुकूम काढून चालणार नव्हतं. कोणी कुठे चहा प्यावा याचा जाहीरनामा काढला तर लोक चहा प्यायचंच सोडतील, पण हॉटेलात येणार नाहीत. मग महाराजांनी काय केलं, तर ते स्वतः गिऱ्हाईक झाले.

शहरातून फेरफटका मारताना त्यांचा खडखडा भाऊसिंगजी रोडवर गंगाराम यांच्या हॉटेलासमोर थांबायला लागला. महाराज चहा मागवायचे, सगळ्यांदेखत प्यायचे. खडखड्यात सोबत बसलेली मंडळी सरदार, मानकरी, अधिकारी, कोणी सवर्ण पाहुणा. राजा पितोय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? त्यांच्याही हातात कप यायचा.

यापुढचा किस्सा कोल्हापुरात आजही आवडीने सांगितला जातो. कामासाठी महाराजांची सही घ्यायला लोक यायचे. महाराज त्यांना हॉटेलाजवळ गाठायला सांगायचे. माणूस कागद घेऊन हजर झाला की आधी चहा. चहा झाला की सही. काम होण्यासाठी कप तोंडाला लावावाच लागायचा आणि एकदा लावला की उद्या गंगारामच्या हातचं आपल्याला चालत नाही असं चारचौघांत सांगायची सोय उरायची नाही.

हळूहळू लोकांची भीड चेपली. हॉटेल चाललं. चहाच्या जोडीला सोडा बनवायचं यंत्र घेण्यासाठीही महाराजांनी गंगाराम यांना मदत केली. आजच्या भाषेत सांगायचं तर धंद्याला भांडवल दिलं, जाहिरात स्वतः केली आणि पहिलं गिऱ्हाईकही स्वतःच झाले.

कामाच्या जागेचे नियम

गंगाराम यांच्या एका हॉटेलाने संस्थान बदलणार नव्हतं. पागेतल्या हौदासारखे हौद प्रत्येक कचेरीत होते. त्यामुळे १९१९ मध्ये महाराजांनी कामाच्या जागेसाठी कडक हुकूम काढले.

सरकारी नोकरीत आलेल्या अस्पृश्यांना इतर अधिकाऱ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी बरोबरीने आणि आपुलकीने वागवायचं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यायचा. अशा माणसाला पेन्शन मिळणार नाही. दवाखाने, धर्मशाळा, सार्वजनिक विहिरी, सरकारी इमारती इथे अस्पृश्यता पाळायची नाही, असाही आदेश निघाला.

आज कंपन्यांमध्ये भेदभावविरोधी धोरण असतं, जॉइनिंगच्या दिवशी त्यावर सही घेतात. कोल्हापूर संस्थानात ते १९१९ मध्ये आलं होतं आणि मोडलं तर नोकरी आणि पेन्शन दोन्ही जाणार होतं.

त्याआधी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमायला सुरुवात झाली होती. वतन म्हणजे वडिलांकडून मुलाकडे जाणारी नोकरी. तलाठी म्हणजे शिकून मिळवायची नोकरी. महार समाजाला बांधून ठेवणारी वतनी पद्धत आणि पोलिसांकडे रोज द्यावी लागणारी हजेरी यांच्यावरही त्याच वर्षी घाव घातला गेला. अस्पृश्य समाजातल्या शिकलेल्यांना महाराजांनी वकिलीच्या सनदा दिल्या.

याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि महाराज यांची भेट झाली. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या मूकनायकसाठी महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली. अध्यक्ष होते बाबासाहेब. महाराज तिथे गेले आणि तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला आहे अशा आशयाचं भाषण करून आले.

पुढे काय झालं?

६ मे १९२२ रोजी मुंबईत शाहू महाराजांचं निधन झालं. वय फक्त ४७. राज्यकारभार हाती घेऊन २८ वर्षं झाली होती.

राजा गेल्यावर त्याच्या नावाने स्मारक उभारायची धडपड कोणी सुरू केली असेल? सरदार, जहागीरदार यांच्याआधी त्यात पुढे होते गंगाराम कांबळे. चहाच्या हॉटेलचा मालक. आपल्या समाजातल्या लोकांना सोबत घेऊन त्यांनी नर्सरी बागेत महाराजांचं स्मारक उभं करण्यासाठी पुढाकार घेतला.

माणगावच्या परिषदेनंतर तीस वर्षांनी भारताची राज्यघटना लागू झाली. सरकारी नोकरीतल्या आरक्षणाची तरतूद कलम १६ मध्ये आहे, हे अनेकांना माहीत असतं. कलम १५ कडे मात्र कमी लोकांचं लक्ष जातं. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणाही नागरिकाला दुकानं, हॉटेलं, सार्वजनिक उपाहारगृहं इथे जाण्यापासून अडवता येणार नाही, असं त्यात लिहिलं आहे. विहिरी, तलाव, घाट यांचाही त्यात उल्लेख आहे. कलम १७ ने अस्पृश्यता रद्द केली. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला नोकरी, धंदा किंवा व्यापार करण्यापासून अडवणं हा गुन्हा ठरवला.

शाहूंचा १९०२ चा हुकूम संस्थानच्या नोकऱ्यांपुरता होता. आजचं नोकऱ्यांमधलं आरक्षणही सरकारी नोकऱ्यांपुरतं आहे, खासगी शोरूम किंवा मॉलमधल्या नोकरीला ते लागू नाही. तिथे मालकाने आडनाव बघून बायोडाटा बाजूला ठेवला की नाही हे तपासणारा तिमाही तक्ता नसतो. आणि गिऱ्हाईकाच्या मनातलं तर कुठल्याच तक्त्यात येत नाही.

२६ जून हा शाहू जयंतीचा दिवस महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी हुकमांची आठवण निघते, भाषणं होतात, स्टेटस ठेवले जातात. त्या यादीत एक गोष्ट अजून धरायला हरकत नाही. संस्थानाचा मालक असलेला माणूस रस्त्यावर खडखडा थांबवून, ज्याला पाण्यावरून मारलं गेलं होतं त्याच्याच हातचा चहा सगळ्या गावासमोर प्यायला. तेवढं करायला राजा असावं लागत नाही.